अकरा नंबरच्या सशाची बरणी

माझा मामा जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात बावीस वर्षं ससे सांभाळत होता. खाणं-पाणी, पिंजरे धुणं तर होतंच, पण एखादा ससा मेला की टेबलावर घेऊन चिरायचाही तोच. तिथे शिकवणारे डॉक्टरसाहेब नाकाला रुमाल लावून शेजारी उभे राहायचे आणि मामा दाखवील ते कागदावर उतरवायचे. पगार कुणाला जास्त, हे सांगायला नको. मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात टायपिस्ट, म्हणून हे सगळं जवळून पाहिलंय.

ससा उचलताना मामाचा एक तळवा छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली असायचा. मागे आधार नसला की ससा घाबरून लाथा झाडतो आणि त्या झटक्यात स्वतःचाच कणा मोडून घेतो. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मामा हे आधी सांगायचा, मग पिंजऱ्याला हात लावू द्यायचा. बायको गेल्यापासून त्याला दुसरं होतं तरी काय? ते ससेच.

एका सोमवारी तो गवत आणायला गेला. तासाभराने आला तर अकरा नंबरचा ससा मरून पडलेला. सकाळी चांगला टुणटुणीत होता. पिंजऱ्याची कडी उलटी लावलेली होती, आणि मधल्या वेळात साहेब पाहुण्यांना ससे दाखवून गेल्याचं शिपायाने सांगितलं.

मामाने ससा चिरला. पोट स्वच्छ, काळीज स्वच्छ. कंबरेपाशी कणा मोडलेला आणि भोवती रक्त साकळलेलं. मणक्यांचा तो तुकडा त्याने औषधाच्या पाण्यात घालून बरणी बंद केली आणि वर चिठ्ठी चिकटवली. पिंजरा नंबर लिहिला, तारीख लिहिली. ‘कारण’ मात्र कोरं ठेवलं, ते साहेबांनी लिहायचं म्हणून. कसली शिस्त, नुसता खुळेपणा.

“साहेब, याला कुणीतरी मागून आधार न देता उचललंय,” एवढंच तो म्हणाला. साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि निघून गेले.

तिसऱ्या दिवशी चौकशीचा अहवाल टाइप करायला माझ्याच टेबलावर आला. मृत्यूचं कारण, बुरशी लागलेलं खाद्य. जबाबदार, माझा मामा. मी साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मूग गिळून सगळं टाइप केलं, एकही चूक न करता. त्याची लाज मला आजही वाटते.

संध्याकाळी मामाला सांगितलं तर म्हणाला, बरणी आहे ना, बघतील कधीतरी. त्याला सशांचं काम सोडायला लावून गेटवर राखणीला बसवलं. येणारे-जाणारे हसत विचारायचे, काय मामा, आता कुणाला खाऊ घालताय?

गेल्या महिन्यात मी हजेरीचे कागद द्यायला वर्गात गेले. साहेब तीच बरणी हातात धरून शिकवत होते की ससा मागून आधार दिल्याशिवाय कधीही उचलू नका. चिठ्ठीवर वरच्या दोन ओळी मामाच्या होत्या. खाली साहेबांच्या अक्षरात कारण होतं, ‘चुकीच्या पद्धतीने उचलल्याने कणा मोडला.’ साहेबांनी मान वर न करताच कागद ठेवून जायला सांगितलं, आणि मी ठेवून आले.

सुटल्यावर गेटवर थांबून मामाला सगळं सांगितलं.

“कारण बरोबर लिहिलंय ना?” त्याने विचारलं.

“बरोबर लिहिलंय.”

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. मामा उठला आणि त्याने फाटक उघडलं.