तीनदा नापास झालेला जोडीदार

एकाच बाकावर माणूस फार दिवस बसला की पुस्तकातलं डोक्यातून गळून जातं आणि किस्से तेवढे साचत राहतात. माझ्याकडं त्यांचं पोतं भरलंय. अर्धी शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झाली, पोलीस ॲक्शननंतरची अर्धी मराठीत. दोन्हीकडचं निम्मंच डोक्यात शिरलं. एवढ्या भांडवलावर औरंगाबादच्या कॉलेजात गेलो आणि पहिल्याच वर्षात तीनदा नापास झालो.

चौथ्यांदा त्याच वर्गात बसलो, त्या वर्षी प्रिन्सिपॉल साहेबांनी नवी टूम काढली. खेड्यातून येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला एक जुना विद्यार्थी जोडून द्यायचा. त्याला नाव दिलं ‘जोडीदार’. मला बोलावून म्हणाले, “गुलाब, या वर्गातले खड्डे तुझ्याइतके कुणालाच ठाऊक नाहीत.”

एक कागद पुढं सरकवला. एका बाजूला ‘मला काय जमतं’, दुसरीकडं ‘मला काय जमत नाही’. दुसरी बाजू मी झरझर भरली : अभ्यास, इंग्रजी, गप्प बसणं, थट्टा आवरणं. जागा पुरली नाही.

“आणि जमतं काय?”

“ते वर्षअखेर बघू, सर.”

*

माझ्या वाट्याला आला बिरू. करमाडकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरचा, खांद्यावर घोंगडी. हजेरीपटावर तो सत्तेचाळीस, मी अठ्ठेचाळीस.

पहिल्याच दिवशी मी त्याला सांगितलं, “वर्गात शिरताना वहाणा बाहेर काढायच्या असतात.” बिचाऱ्यानं काढल्या. इंग्रजीच्या सरांनी दारातली एकुलती एक जोडी पाहिली. मी हसू दाबत बसलो होतो, पण सर बिरूवर भलतेच खूश झाले. “विद्येचा मान याला कळतो. उद्यापासून सगळ्यांनी हेच करायचं.”

तिसऱ्या दिवशी दारातून माझ्या नव्या कोऱ्या चपला चोरीला गेल्या. खोलीवर अनवाणी गेलो.

*

मग म्हटलं, आता नीट शिकवू. माझ्या वह्या त्याला दिल्या. पोरगं लई इमानी, रात्रंदिवस घोकलं. चाचणीत मला पडले तीन मार्क. त्यालाही तीन.

साहेबांनी दोघांना उभं केलं. “गुलाब, तू याला शिकवलंस की लागण केलीस?”

बिरू म्हणाला, “त्यांच्या वहीतलं एक अक्षर चुकवलं नाय मी, सर.”

त्या दिवसापासून मी माझ्या वह्या बंद केल्या. वर्गातल्या हुशार पोरांच्या वह्या मागून आणायला लागलो. मागणं मला चांगलं जमायचं.

*

खरी अडचण वेगळीच निघाली. पहिल्या हजेरीला बिरू माळावरच्या आवाजात “हजर!” असा ओरडला की छपरावरची कबुतरं उडाली. वर्ग हसला. खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी मी हसलो.

त्यानंतर त्याचं तोंडच मिटलं. रोज पहिल्या बाकावर बसायचा, आणि रोज खाडा पडायचा. सरांचा नियम होता, जो बोलला नाही तो आला नाही.

खाडे वाढले तसं साहेबांनी बोलावलं. “महिनाअखेर हजेरी मी घेईन. त्या दिवशी बोललास तर मागचं सगळं माफ. नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही.” मग माझ्याकडं वळले. “तुझेही खाडे भरत आलेत. त्या दिवशी तुझा खाडा पडला, तर तुलाही परीक्षा नाही.”

बाहेर आल्यावर बिरू म्हणाला, “गुलाबभाऊ, बाप म्हणलाय, परीक्षा नाय तर मेंढरामागं चल. मी जातो आपला.”

“गप रे. हसलो मी, तर बोलता करीन मीच.”

*

रोज दुपारी त्याला सायकलवर डबलसीट घेऊन पडेगावच्या माळावर जायचो. तो टेकाडावर, मी खाली लांब. मी ओरडायचो, “सत्तेचाळीस!” वरून खणखणीत उत्तर यायचं. पहिल्या दिवशी कुणाचा तरी कळप चरायचं सोडून त्याच्याकडं निघाला. धनगरबाबा मला म्हणाले, “तुमचं कालेज हुईल, पर माझी मेंढरं द्या.”

रोज दहा पावलं जवळ सरकायचो. पाय सोलले, घसा बसला, सोडलं नाही. पण वीस पावलांच्या आत आलो की पोरगं मुकं.

“बिरू, मी काय वाघ हाय का?”

“लांबनं माणूस बरं वाटतं, गुलाबभाऊ. जवळून त्याचे दात दिसतात.”

माझेच दात म्हणत होता. मी गप्प बसलो. तेही तेव्हाच पहिल्यांदा जमलं.

*

महिनाअखेर आली. साहेब स्वतः पट घेऊन बसले. “सत्तेचाळीस.”

बिरूचे ओठ हलले, आवाज नाही.

“सत्तेचाळीस.” साहेबांनी पेन टेकवलं.

मी उठलो आणि दाराकडं पळालो. “गुलाब, कुठं निघालास?” थांबलो नाही. मैदान ओलांडून पार टोकाच्या लिंबाखाली गेलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि बोंबललो, “ए सत्तेचाळीस!”

खिडकीतून आवाज आला, “हजर, सर!” कबुतरं पुन्हा उडाली. या खेपेला कुणी हसलं नाही.

मी धापा टाकत दारात पोहोचलो तेव्हा साहेब पट मिटत होते. “सत्तेचाळीस हजर. अठ्ठेचाळीस गैरहजर.”

जूनमध्ये फलकावर नवी यादी लागली. जोडीदार, दुसरं वर्ष : बिरू. त्याच्यापुढं, पहिलं वर्ष : गुलाब.

वर्गाच्या दारात तो माझी वाट बघत उभा होता. माझ्या पायांकडं बघून हळूच म्हणाला, “गुलाबभाऊ, वर्गात शिरताना वहाणा बाहेर काढायच्या असतात.”