लाल चिंधी आणि घाट चढणारी सायकल

श्री. मनोहर टिपणीस यांची आणि माझी पहिली भेट रोह्याजवळच्या अष्टमी गावाच्या पुलावर झाली, आणि तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत काळेकुट्ट होते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. आमचं गाव अष्टमीच्या मागे, डोंगराच्या कुशीत. पहिल्या शिफ्टच्या वेळेला एसटी मिळायची नाही, म्हणून सायकल. त्या दिवशी नेमकी पुलाच्या मधोमध चेन पडली. मी तिच्याशी झटापट करत असताना एक उंच गृहस्थ आपल्या सायकलवरून उतरले आणि मदतीला हात लावण्याआधी त्यांनी माझ्या सायकलभोवती एक सावकाश चक्कर मारली. लोखंडी कॅरिअर, दोन पायांचा स्टँड, चेनकव्हर, पुढे टोपली. टोपलीत डबा, छत्री आणि कंपनीतल्या बायकांसाठी आईने दिलेल्या वालाच्या शेंगा.

"काय गो," ते म्हणाले, "शिफ्टला चाललीयस का बिऱ्हाड हलवतेयस?"

मला राग आला. "हसायचं असेल तर आधी चेन बसवा, मग हसा," असं मी सुनावलं. त्यांनी निमूटपणे चेन बसवली आणि मग खरंच मनसोक्त हसले. कंपनीच्या गेटवर वॉचमनने त्यांना कडक सलाम ठोकला तेव्हा मला कळलं, की आपण मेंटेनन्सच्या मोठ्या साहेबांना भर पुलावर कामाला लावलं आहे. दुपारी कँटीनमध्ये साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "शेंगा संपल्या का?" तेव्हापासून ते माझे सर झाले. आज त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात चार ओळी लिहायला मिळाव्यात, याचा मला फार अभिमान वाटतो.

सरांच्या कामाबद्दल लिहायचं तर लाल चिंधीपासूनच सुरुवात करायला हवी. त्यांच्या खात्यात एक नियम होता. कोणताही बोल्ट सैल केला की त्या जागी लाल कापडाची चिंधी बांधायची. चिंधी आहे म्हणजे काम चालू आहे, मशीनला हात लावायचा नाही. काम झालं तरी ज्याने बोल्ट उघडला त्याने चिंधी सोडायची नाही. दुसऱ्या कुणीतरी तपासायचं आणि मग त्यानेच सोडायची. एकदा एका नव्या इंजिनिअरने जेवणाच्या घाईत स्वतःच बांधलेली चिंधी स्वतःच सोडली. सर रागावले नाहीत. त्यांनी चिंधी पुन्हा बांधली, आपला डबा मागवला आणि त्या पंपाशेजारी जमिनीवर बसकण मारली. "तपासणारा येईपर्यंत आपण इथंच जेवू," ते म्हणाले. साहेब जमिनीवर बसलेले बघून त्या बिचाऱ्यालाही तिथेच डबा उघडावा लागला. त्यानंतर त्याने असली घाई केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

निवृत्तीनंतर लोक देवळाचे विश्वस्त होतात. सरांनी अष्टमीच्या घराच्या पडवीत सायकली बांधायला घेतल्या. साध्या नव्हेत, घाट चढायच्या हलक्या रोड बाइक. रोह्याची, नागोठण्याची, पेणची मंडळी रविवारी तिथे जमू लागली. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, सुरुवातीला नाराजी दाखवली. पण चहाचं पातेलं मात्र त्यांनीच मोठं घेतलं.

त्या पडवीत माझा एकच हट्ट होता. पायथ्याच्या विळे गावाकडून ताम्हिणी घाट चढायची शर्यत दरवर्षी हिवाळ्यात व्हायची आणि लागोपाठ दोन वर्षं एका खड्या वळणावर मला उतरून सायकल ढकलत न्यावी लागली होती. दोन्ही वेळा आई ते बघत होती. मला एकदा, फक्त एकदा, पाय न टेकवता माथ्यावर पोचायचं होतं. सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सायकल मुळापासून बांधायला हवी."

सुटे भाग कसे निवडायचे, हे त्या दिवसांत मी शिकले. सरांचा विश्वास छापील आकड्यांवर नव्हता. आलेला प्रत्येक भाग ते स्वतः तोलून बघत. घरचा काटा एकदा बिघडला तेव्हा रिमची जोडी घेऊन ते थेट रोह्याच्या मासळीबाजारात गेले, मी पाठोपाठ. तिथल्या मावशींनी पापलेटं बाजूला सारून रिमला जागा करून दिली आणि विचारलं, "साहेब, ह्याचं कालवण करताव का तलून खाताव?" सर गंभीरपणे म्हणाले, "कालवणच. पण घाटमाथ्यावर गेल्यावर." पुढे किती तरी दिवस त्या मावशी मला बघितलं की, "कालवण झाला का गो?" असं विचारायच्या.

त्यांची पद्धत सरळ होती. आधी मोठी वजनं बघायची, मग लहान. चाकं आणि टायर हलके घ्यायचे, कारण ते पायांनी फिरवायचे असतात. फ्रेम ॲल्युमिनियमची चालेल, पुढचं चाक धरणारा चिमटा, म्हणजे फोर्क, कार्बनचा हवा. सीट हलकी असो नसो, बसणाऱ्याला सोसवली पाहिजे. ब्रेकमध्ये मात्र काटकसर नाही. "चढणारं माणूस उतरणार पण आहे," असं ते म्हणत. आणि हलकेपणाच्या नादात बोल्टांना भोकं पाडणाऱ्यांना तर ते पडवीत उभंच करत नसत.

खरा वाद झाला तो मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांवरून, म्हणजे ज्याला आम्ही सगळे कॅसेट म्हणतो त्यावरून. आमच्यातला राजन हा पेणचा. त्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, आणि दिवाळीनंतर हात मोकळे झाले की त्याला सायकलचं वेड लागायचं. त्याचं म्हणणं, लहान कॅसेट घ्या, वजन वाचतं आणि दिसतेही झोकदार. सरांनी सर्वांत मोठी, चौतीस दात्यांची निवडली; दाते जास्त तेवढा चढ सोपा. "सर, जड हाय ती!" राजन कळवळून म्हणाला. "पाय टेकून ढकलत न्यायची सायकल कितीही हलकी असली तरी जडच," सर म्हणाले, आणि विषय संपला.

पण सरांचा मोठेपणा मला दिसला तो दुसऱ्याच ठिकाणी. फ्रेमला रंग द्यायचं काम राजनने हौसेने मागून घेतलं. हलका एकच हात दे, असं सरांनी त्याला बजावलं होतं. राजन तो! मूर्तीला देतो तसा त्याने मोतिया गुलाबी रंगाचा हात दिला, त्यावर सोनेरी किनार काढली, आणि पेणच्या माणसाला राहवेल कसं, पुढच्या चिमट्यावर दोन सुंदर डोळे रेखले. आम्ही सगळे सरांकडे बघू लागलो. एकेका स्क्रूच्या वजनावरून हुज्जत घालणारे हे गृहस्थ सायकल उचलून दोन्ही हातांवर तोलू लागले. राजनचा चेहरा उतरला होता. "खरवडून काढू काय सर?" त्याने विचारलं. सर म्हणाले, "डोळे आखल्यावर कुणी खरवडतं का? राहू दे. घाट बघायला लागतील." राजनने तोंड फिरवून डोळे पुसले. प्रेमाचं वजन सर कधीच काट्यावर ठेवत नाहीत, हे मला तेव्हा समजलं.

शर्यतीच्या सकाळी राजनच्या टेंपोतून आम्ही विळ्याला पोचलो. टेंपोत बसावी म्हणून सरांनी सायकलचं हँडल सैल करून आडवं केलं होतं. पायथ्याशी उतरल्यावर सरांनी ते सरळ केलं, बोल्ट बसवले. हँडलला रिवाजाप्रमाणे लाल चिंधी होतीच. मधेच राजनने नंबराचा कागद लावायला हाक मारली, सर तिकडे गेले, परत आले. भोवती गर्दी, कर्ण्यावर आरडाओरडा, बाकीच्या मुली रेषेवर जाऊन उभ्या. "झालं, जा तू," सर म्हणाले आणि चिंधी सोडायला त्यांनी स्वतःच हात पुढे केला.

मी त्यांचा हात धरला. "सर, ज्याने उघडलं त्याने सोडायची नाही."

"अगं, सर म्हणतायत ना झालं म्हणून!" राजन ओरडला. "शिट्टी होतेय!"

मी पुढचं चाक गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं आणि हँडल वळवलं. हँडल वळलं. चाक जागचं हललं नाही. बोल्ट नुसते बोटांनी फिरवून ठेवलेले होते. पाना लावायचा राहून गेला होता. त्या हँडलने मी घाटातलं पहिलं वळणसुद्धा घेऊ शकले नसते. सरांचा चेहरा पांढरा पडला. आणि मग हे गृहस्थ, ज्यांच्यापुढे अख्खं धाटाव मान लववत होतं, मोठ्याने टाळी वाजवून आजूबाजूच्या अनोळखी माणसांना सांगू लागले, "बघितलंत का? चूक माझी! हिने पकडली! माझी शिष्या हाय ही!" पेढे वाटावेत तशी त्यांनी आपली चूक वाटली.

शिट्टी झाली. मुली निघाल्या. "सर, गेल्या त्या!" राजन रडवेला झाला.

"जाऊ दे. पाना आण."

ठरावीक जोराने बोल्ट आवळून झाले. मी पुन्हा चाक धरून तपासलं, चिंधी सोडली, खिशात घातली आणि सर्वांत शेवटी निघाले. आश्चर्य म्हणजे मला घाई वाटत नव्हती. ज्या सायकलचा बोल्टन् बोल्ट आपण ओळखतो तिच्यावर बसलं की छाती वेगळीच भरून येते. पहिल्या चढावर दोघी-तिघी मागे पडल्या. पुढे एकीची चाल नागमोडी झाली, एक उतरलीच. आणि मग ते वळण आलं.

वळणावर आई उभी होती. मी नेमकी कुठे उतरते ते तिला पाठ होतं, म्हणून सकाळीच जीपने येऊन ती पाण्याचा तांब्या भरून त्याच जागी थांबली होती. माझ्या मांड्या पेटल्या होत्या. मी शेवटचा, सगळ्यात मोठ्या चक्राचा गिअर टाकला, आणि चौतीस दाते फिरू लागले, सावकाश, पण फिरू लागले. आई तांब्या घेऊन बाजूने धावू लागली. "उतरतंस ना गो? पानी हाय!"

"नाय!" मी ओरडले. "नाय उतरत!"

आई थांबली. तिने तांब्यातलं पाणी रस्त्यावर ओतून दिलं आणि दोन्ही हात वर केले. माझ्या आईला मी तशी कधी बघितली नव्हती. माथा दिसला तेव्हा माझ्यापुढे एकच सायकल होती, आणि शेवटच्या चढावर तीही मागे गेली. मी पहिली आले. पाय न टेकवता आले.

सर टेंपोने वर पोचले. पदकाकडे त्यांनी बघितलंच नाही. आधी वाकून पुढचं चाक बघितलं, ब्रेक दाबून बघितले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भर माथ्यावर हमसून रडले. त्या संध्याकाळी आमच्या शेतात पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात वाफवलेल्या वालाच्या शेंगा खाताना प्रत्येक नव्या पाहुण्याला सर आधी आपल्या चुकीची गोष्ट सांगत आणि मग माझ्या विजयाची. आजही ते त्याच क्रमाने सांगतात. शिकवणाऱ्याची चूक शिष्याला पकडता येणं हाच शिकवण्याचा खरा निकाल, असं ते मानतात, आणि इतक्या आनंदाने हरणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

आज पडवीत माझ्यासारख्या कितीतरी मुली आहेत, आणि त्यांच्या सायकली सह्याद्रीतल्या घाटांवर पुढे असतात. सर, सत्काराच्या दिवशी शाल आणि श्रीफळ देणारे पुष्कळ असतील. मी घाटातली तीच चिंधी घेऊन येणार आहे आणि तुमच्या मनगटाला बांधणार आहे. चिंधी आहे म्हणजे काम चालू आहे. ती तुम्हाला स्वतःला सोडता येणार नाही, नियम तुमचाच आहे. आणि तपासून सोडायचं काम ज्यांच्याकडे आहे, त्या आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय: आम्ही ती सोडणार नाही.