साक्षीतला वरंधवाला

माझी नोकरीची शेवटची तीन वर्षं रेकॉर्ड ऑफिसात गेली. हुद्दा नायब सुभेदार, काम कागदी घोडे नाचवण्याचं. बारा वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाला ही पोस्टिंग म्हणजे शिक्षाच. सकाळी नऊला फाईल उघडायची, पाचला मिटायची आणि मधल्या वेळात मनातल्या मनात शिव्या घालायच्या.

एका सोमवारी ऑस्ट्रेलियातून जुन्या खटल्याच्या कागदांच्या प्रती आल्या. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी आपले कैदी जवान हमालीसाठी न्यू गिनीला नेले होते. युद्धानंतर तिथल्या एका जपानी अधिकाऱ्यावर ऑस्ट्रेलियाच्या लष्करी कोर्टात खटला चालला. साक्षीला कैदेतून सुटलेला आपला एक हवालदार होता. त्याचा जबाब असा : "तो तापाने फणफणला होता. पोतं उचलेना, म्हणून या अधिकाऱ्याने गोळी घातली. मीच त्याला पुरलं. नाव ठाऊक नाही. आम्ही गावावरूनच हाक मारायचो. तो वरंधवाला. डाव्या पायाला सहा बोटं होती."

आरोपी म्हणाला, माणूस तापाने मेला. कोर्टाने खड्डा उकरायला लावला. बरगडीत गोळी मिळाली. डाव्या पायाला सहा बोटं होती. अधिकारी फासावर गेला.

मी महाडचा, वरंध आमच्याच तालुक्यातलं. वरंध हे नाव वाचल्यावर खुर्चीत सरळ बसलो. आमच्या पलटणीच्या जुन्या रोलमध्ये, म्हणजे जवानांच्या यादीत, वरंधचा एकच जवान होता, शिपाई गोपाळ जाधव. शेरा : बेपत्ता.

ऑफिसचे प्रमुख मेजर साहेब म्हणाले, "छावणीत दहा पलटणींची माणसं होती. हाच कशावरून?"

"चार दिवस सुट्टी द्या, साहेब."

"दिली."

गुरुवारी सकाळी साडेदहाला वरंधला पोचलो. गोपाळ जाधवांची मुलगी सुंदराकाकी पडवीत तांदूळ निवडत होती. वय ऐंशीच्या पुढं.

"काकी, तुमच्या वडिलांबद्दल आलोय."

"पळाला तो. गावाला इचार, कोनपन सांगंल. मी पाळण्यात व्हते."

बेपत्ताचा अर्थ गावाने पळपुटा असा लावला होता. काकीचं लग्नसुद्धा त्यापायी दोनदा मोडलं होतं. मी जबाब वाचून दाखवला. सहा बोटांपाशी आल्यावर काकीने हात वर करून मला थांबवलं आणि लुगडं घोट्यावर ओढून डावा पाय पुढे केला. मी बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

साहेबांना फोन लावला. "पुरावा मिळाला, साहेब."

"कागद?"

"नाही, साहेब. पाय. मुलीचा. सहा बोटं."

"फोटो पाठव. शेरा बदलून घेतो."

काकीने विचारलं, "त्या हवालदारानं कोर्टात माज्या बाचं नाव घेतलं?"

"नाव ठाऊक नव्हतं त्याला. गाव सांगितलं."

"मग आता ह्ये गावाला वाचून दाखव. मला एकटीला नको."

दुरुस्त शेरा आला त्या महिन्यातच ग्रामसभेत मी तो जबाब वाचला. कोणी न सांगता माणसं उठून उभी राहिली. काकी तेवढी बसून होती. शेवटी मी दुरुस्त शेरा मोठ्याने वाचला : शिपाई गोपाळ जाधव, वरंध. न्यू गिनीत कैदेत असताना मारले गेले. आणि कागदावर नसलेलं एक वाक्य मी माझ्या पदरचं जोडलं : पळाले नव्हते.