भिंतीवरची सातवी बांगडी

"हा अंगठा माझा न्हाई, माया."

"अंगठा कुणाचा का असंना. बांगडी धड हाय न्हवं?"

"बांगडीचं मागनं बगू. आदी अंगठा."

"तात्या, डोळ्याचं आपरेशन झाल्यापासनं तुमास्नी जरा जास्तच दिसाय लागलंय."

"दिसतंय म्हनूनच इचारतोय. मी पांढऱ्या शिमिटात बसवली हुती बांगडी, दोनी टोकांवर अंगठा दाबून. माझा अंगठा बग. आनि हितला बग. ह्यो एवढा बारीक कवा झाला? आनि ह्ये शिमिट बी न्हवं. पुट्टी हाय ही."

माया स्टुलाजवळ उभी होती, हातात चहाची कपबशी. स्टुलावर जोतीराम गवंडी. वय पासष्ट, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, चष्मा नवा. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तडा तिरका निघून छताच्या पत्र्यापर्यंत गेला होता आणि त्या तड्यावर, नदीवर साकव टाकावा तसा, हिरव्या काचेच्या बांगडीचा बोटभर तुकडा आडवा चिकटवलेला होता. जोतीराम त्या तुकड्याकडे नाक लावून बघत होता.

"खाली उतरा आदी. चा निवतोय."

"चा निवू दे. किती येळा बदलली?"

"काय?"

"माया, मी तुझ्या सासऱ्याचा दोस्त. माझ्याशी खोटं बोलाय लागलीस तर मी पायरी चढायचा न्हाई. किती येळा?"

मायाने कपबशी खिडकीत ठेवली. पदराने हात पुसले, ते कोरडेच होते.

कृष्णेकाठच्या त्या गावात मायाचं घर कुणालाही विचारलं तर बायका हात करून दाखवायच्या, "ते बगा, विटांचं डिझाइन." घर विटांचं नव्हतंच. दगड-मातीचं, तीन खणांचं, वर पत्रा. पुढचा सोपा, मागे एक खोली, मग चूल-गॅस. नवरा धनाजी महाबळेश्वरला टॅक्सीवर. महिन्यातून दोनदा घरी. माया सांगलीत हळदीच्या गोदामात निवडायला जायची. संध्याकाळी बसमधून उतरायची तेव्हा तिच्या हाताचे पिवळे तळवे लांबूनच ओळखू यायचे. आणि उरलेल्या वेळात ती घर सजवायची. दुसरा शब्दच नाही त्याला. लग्नात आलेल्या साड्यांचे काठ काढून पडदे. हळदीच्या फाटक्या पोत्यांना रंगीत गोट शिवून बसकरं. मोबाइलवर कुठली तरी बाई कमी पैशात घर कसं नटवायचं ते दाखवायची, त्या बाईचं माया सगळं ऐकायची आणि तिच्यापेक्षा निम्म्यात करून दाखवायची. पाहुणे आले की बोलता बोलता भिंतीवर हात ठेवायची, मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा.

एकोणीसच्या पुरात पाणी खिडकीपर्यंत आलं, एकवीसच्या पुरात उंबऱ्याच्या वर तीन फूट. दोन्ही वेळा घर उभं राहिलं. दोन्ही वेळा भिंतीवर गढूळ रेघ राहिली. माया म्हणाली, रेघ नको. दगड-मातीच्या भिंतीला तिने सिमेंटचा गिलावा करून घेतला, आतून आणि बाहेरून. जोतीराम तेव्हा मुलाकडे पुण्याला होता, आल्यावर त्याने भिंतीवर हात फिरवला आणि एवढंच म्हणाला, "मातीच्या भितीला शिमिटाचं बंद झाकान घातलंस. आतली वल आता जानार कुटं?" ओल कुठेच गेली नाही. दुसऱ्या वर्षी भिंतीला लोणा फुटला, रंगाचे पापुद्रे सुटले. मायाने ते खरवडून वर पुट्टी भरली. परत सुटले. मग तिने जमिनीपासून खांद्याएवढ्या उंचीपर्यंत विटांच्या नक्षीचे फोमचे पत्रे चिकटवले. सोपा असा उठून दिसायला लागला की अंकिताची शिकवणी तिथे सुरू झाली. अंकिता मायाची एकुलती एक. डी.एड. होऊन घरी बसलेली पोरगी आता रोज पाच वाजता बाई व्हायची. दुसरी ते चौथीची बारा पोरं पोत्याच्या बसकरांवर ओळीने बसायची, पाठ त्या विटांना टेकून.

चैत्रात तो तडा दिसला. तेव्हा जोतीरामने बांगडी मागून घेतली आणि बसवली. गवंडी लोकांची जुनी रीत. काच ताणत नाही, वाकत नाही. भिंत केसभर जरी हलली तरी काच तुटते. "तुटली की त्याच दिवशी मला फोन कर," तो म्हणाला होता, "आनि ह्या सोप्यात कुनाला बसू दिऊ नगंस." मग तो दर अमावास्येला बघायला यायचा. अमावास्येला गवंड्यांचं काम बंद असतं. आला की दारातूनच मान वर करायचा, मोतीबिंदूच्या डोळ्यांना हिरवं काहीतरी दिसायचं, "हाय का जाग्यावर?" विचारायचा. "हाय," माया म्हणायची. ते खरंच होतं.

आज श्रावणातली अमावास्या होती. चार वाजून गेले होते आणि बाहेर पाऊस नसलेलं काळं आभाळ होतं.

"सांग की," जोतीराम म्हणाला. तो स्टुलावरून उतरला नव्हता.

"पयली वटपोर्णिमेला," माया म्हणाली.

"पयली?"

"वडाला जाऊन आले. ताट ठिवलं आनि वर बगितलं तर मधनं... वाढलेली." फुटली हा शब्द तिच्या तोंडून निघेना. "आता तुमीच सांगा. सवाशीन बाई, वडाला फेरे मारून घरात पाय ठेवतीया, आनि घरात काय दिसावं? त्यांची गाडी त्या दिवशी पसरणी घाटात. वर पाऊस. मी काय करायचं? ते तुकडं भितीवर तसंच मिरवत ठिवू?"

"मला फोन करायचा."

"तुमी म्हनाला असता, भित उतरा."

"व्हय. म्हनालो असतो."

"म्हनून न्हाई केला."

तिने केसांच्या आकड्याने तुकडे उकरून काढले होते, नदीत सोडले होते, आणि स्वतःच्या हातातली एक बांगडी उतरवून तिचा चांगला तुकडा उरलेल्या पुट्टीत बसवला होता. अंकिता तेव्हा झेडपीच्या शाळेत अर्ज द्यायला गेली होती. तुकडा बसला, तडा झाकला गेला, आणि मायाला त्या रात्री गाढ झोप लागली होती.

"मग दुसरी?"

"बेंदराच्या दुसऱ्या दिवशी."

"तिसरी?"

"नागपंचमीला. चौथी नारळी पोर्णिमेला. पाचवी गोकुळाष्टमीला दहीहंडीचा गलका चालला हुता तवा. मी म्हनलं त्या ढोलानंच हादरली आसंल."

"आनि?"

"आनि परवा."

जोतीराम स्टुलावरून उतरला. उतरताना त्याने भिंतीचा आधार घेतला नाही, स्टुलाची कड धरली. मग बोटांवर मोजत राहिला.

"दीड महिना. मग म्हैना. मग ईस दिवस. मग धा. मग आठ. मग पाच." त्याने मूठ मिटली. "ही सातवी हाय."

"सातवी धड हाय, तात्या. परवापासनं धड हाय."

"परवापासनं," जोतीराम म्हणाला. "बरं. दार का लागंना गं तुझं? मगाशी आलो तवा ढकलावं लागलं."

"पावसानं फुगलंय. साबन घासला की सरकतंय."

"साबन घासला." त्याने मान हलवली. "आनि ह्या कोपऱ्यात ही माती कसली?"

खाली, फोमच्या विटा जिथे फरशीला टेकत होत्या, तिथे रेघ होती. बारीक, तांबूस, चाळल्यासारखी माती. वीतभर लांब.

"मुंग्या काढत्यात," माया म्हणाली. "रोज सकाळी झाडते मी."

"रोज किती निगती?"

"काय किती? सुपलीभर."

"रोज सुपलीभर."

"टाकत न्हाई मी वाया. बारीक, मऊ माती हाय, तुळशीला घालते. मागल्या दारी बगा की, तीन कुंड्या भरल्या. कोथमीर कशी आलीया बगा."

जोतीरामने मागच्या दाराकडे पाहिलं. तीन कुंड्या ओळीने होत्या, कोथिंबीर खरंच दाट आली होती. तो बराच वेळ त्या कुंड्यांकडे बघत राहिला. मग गुडघ्यावर बसला, खिशातून छोटी पटाशी काढली आणि फोमच्या पत्र्याच्या कडेत घातली.

"आवं फाटंल ते!"

"फाटू दे."

पत्रा चिर्रर्र करत सुटला. मागचा सिमेंटचा गिलावा पत्र्यालाच चिकटून आला, भाकरीचा पापुद्रा यावा तसा. जोतीरामने हात आत घातला. मायाला वाटलं, मनगटापर्यंत जाईल. हात कोपरापर्यंत गेला. आत दगड होते, पण दगडांमध्ये काही नव्हतं. त्याने हात बाहेर काढला तेव्हा पाठोपाठ ओली माती घरंगळत फरशीवर आली आणि बराच वेळ येत राहिली.

"आई, हे काय चाललंय?"

अंकिता दारात उभी होती. खांद्याला पिशवी, हातात बारा पेपरांची झेरॉक्स. तिच्यामागे बोळात पोरांचा आवाज. कुणी तरी कुणाची टोपी पळवली होती.

"पोरास्नी भायेर थांबव," जोतीराम म्हणाला.

"पण आज चाचणी आहे त्यांची."

"अंकिता, बाळ, पोरास्नी मारुतीच्या देवळात घिऊन जा. आत्ता."

"आगं काय न्हाई," माया म्हणाली. "आजच्या दिवस भितीला टेकू नका म्हन त्यास्नी. मधी बसवू. पोरांच्या आयांनी काय म्हनायचं, चाचणी देवळात घेतली म्हनून?"

अंकिता पुढे आली. तिने सुटलेला पत्रा बघितला, मागची पोकळी बघितली, वर बांगडी बघितली. तिला कुणी काही सांगितलं नाही. आईचे हात तिने बघितले. डाव्या हातात सहा बांगड्या, उजव्या हातात एकही नाही.

"तू मला म्हणालीस, गोदामात निवडताना टोचतात म्हणून काढल्या."

"टोचत्यात बी."

"आई, ती पोरं रोज इथं पाठ टेकून बसतात. पाढे म्हणताना डुलतात. मी त्यांना डुलायला सांगते."

अंकिताने पेपर पिशवीत कोंबले आणि बाहेर जाऊन पोरांना ओळीत उभं केलं. "आज देवळात शाळा," तिचा आवाज आला, आणि पोरांची खुशीची आरोळी. कुणीतरी विचारत होतं, बाई, घंटा वाजवायची का? पावलं लांब गेली. पोरांना देवळाच्या ओट्यावर बसवून अंकिता धावतच परत आली, धापा टाकत उंबऱ्याबाहेर उभी राहिली. आत आली नाही.

जोतीरामने तोवर परसातली जळणाची एक बल्ली आणून खिडकीवरच्या तुळईला टेकू दिला होता. "ह्यो रातभर कळ काढंल. उद्या आनखी धा बल्ल्या आनतो, वरचा पत्रा त्यावर घिऊ आनि भित हळूहळू उतरू. सगळी न्हाई उतरावी लागली तर बरं. धनाजीला आज फोन कर."

"उतरली तर परत कोन बांदनार, तात्या?"

"बांदू. माती हाय, दगुड हाय. तू वल जाऊ दे म्हंजे झालं."

"आनि अशी दिसंल का?"

"कशी?"

मायाने हाताने दाखवलं. विटांची नक्षी, पडद्यांचे काठ, बसकरांचा गोट.

"आसली न्हाई दिसायची," जोतीराम म्हणाला. "मातीची भित मातीवानी दिसती."

मायाने पदर खोचला आणि कामाच्या आवाजात बोलायला लागली. अडचण आली की ती असंच बोलायची. "बरं. टीव्ही आत घिऊ. कपाट हलत न्हाई, ते राहू दे. चार दिस आमी आतल्या खोलीत झोपू. तिगं मावतोय. ह्यो सोपा बंद करू, बास."

"आतल्या खोलीत," जोतीराम म्हणाला.

"मग कुटं जाऊ?"

तो मधल्या दारापर्यंत गेला. आत अंधार होता. त्याने बटण दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकून लागली. आतली भिंत जमिनीपासून थेट पत्र्यापर्यंत फोमच्या विटांनी मढवलेली होती. एक फट नाही. एक जोड दिसत नाही. सोप्यात निदान खांद्याच्या वर भिंत उघडी होती.

"ही बी तसलीच भित? दगड-मातीची?"

"एकाच येळची हायती दोनी," माया म्हणाली.

"वरच्या पत्र्याचं वजन दोगींवर हाय." त्याने बोटाच्या पेरांनी विटांवर ठोकलं. आवाज आला नाही. फोम आवाज गिळतो. "हितं कवा लावलं ह्ये?"

"लावलं आसंल सोप्याच्या मागनं, उरलेलं," माया म्हणाली.

"नाही," उंबऱ्याबाहेरून अंकिता म्हणाली. "सोप्याला दिवाळीत लावलं. आतल्या खोलीत त्याच्या आधी. गणपतीच्या आधी. मी कॉलेजातून आले तर सगळी भिंत झाकून झाली होती. मी म्हणाले, आई, पाहुणे बसतात सोप्यात आणि तू झोपायची खोली का आधी नटवलीस?"

जोतीराम भिंतीकडून वळला. त्याने नवा चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि मायाकडे बघितलं.

"पोरगी बराबर इचारतीया," तो म्हणाला. "हितं कुनी बगाय येत न्हवतं. आदी हीच का झाकलीस, माया? हितं काय दिसलं हुतं तुला? पयला तडा हितंच आला न्हवं?"

मायाने खिडकीतली चहाची कपबशी उचलली. चहावर साय धरली होती. ती अंकिताच्या बाजूने उंबरा ओलांडून बाहेर पडली, चहा गटारीत ओतला आणि मागे न बघता, बांगड्यांचे तुकडे सोडायला जायची त्या नदीच्या वाटेने चालायला लागली.