गाडी चुकली काय?

आमच्याकडे रस्त्याने पायी चालणाऱ्या माणसाचा एकच अर्थ काढतात: याची गाडी चुकली. आसनगाव स्टेशनवरून आम्ही तिघी मैत्रिणी पाठीवर पिशव्या घेऊन नाणेघाटाकडे निघालो, तर किन्हवली येईपर्यंत या एका प्रश्नाने कान किटले. टेम्पो थांबायचा, जीप थांबायची, दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकलसुद्धा थांबायची. गाडी चुकली काय, बसा. नको म्हटलं की माणूस दुखावायचा. पन्नाशीच्या बायका हौसेने चालतायत हे कोणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. खरं तर माझ्याही शिरलेलं नव्हतं.

हे वेड आमच्यातल्या एकीचं. शाळेत असताना आमच्यात सगळ्यात काटक तीच होती. गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमो, मग हॉस्पिटलच्या खेपा. कधी व्हीलचेअर, कधी नवऱ्याच्या जीपची मागची सीट आणि अंगावर रग. डोक्यावर पुन्हा केस दिसायला लागले तेव्हा तिने आम्हा दोघींना घरी बोलावलं आणि चहाचा कप हातात देता देता सांगितलं, "वर्षभर मला लोकांनी नेलं. इकडून उचललं, तिकडं ठेवलं. आता मला जायचंय."

कुठे, तर नाणेघाटात. तिची आई घाटावरची, जुन्नरकडची. माहेरी जाताना आई हा घाट चढायची, आणि ही आईच्या कडेवर असायची. म्हणजे घाट तिने पाहिलेला होता, पण चढली होती आई. डॉक्टरांनी बेताने चाला म्हणून परवानगी दिली. नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावजींनी, मात्र बरेच दिवस तोंड फिरवलं आणि शेवटी अट घातली की घाटाच्या पायथ्याशी ते जीप घेऊन येणार.

किन्हवली, सरळगाव, टोकावडे. रात्री कोणा ना कोणाच्या नातेवाइकांकडे मुक्काम. भात कापून झालेले, खाचरांत वाल फुलावर आलेला. तिसरीच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू व्हायचा तो जेवायला बसल्यावरही थांबायचा नाही, आणि त्याचा मला फार आधार होता, कारण मी गप्प असले की आजारातून उठलेल्या हिच्या तोंडाकडे बघत राहायचे. ओठ सुकलेत का, पाय ओढतेय का. ती वैतागायची. माझ्याकडे नको बघू, रस्त्याकडे बघ, नायतर तूच पडशील, म्हणायची. टोकावड्याच्या अलीकडे तिला धाप लागली आणि एका आंब्याखाली ती पिशवी उशाला घेऊन झोपलीच. त्या दिवशी थांबणाऱ्या प्रत्येक जीपकडे मी आशेने बघत होते. मला भीती वाटत होती. तिला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

शेवटच्या सकाळी वैशाखऱ्याच्या पुढे, जिथून पायवाट जंगलात शिरते, तिथे भावजी जीपचं दार उघडून उभे होते. त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. ते तिला माळशेजवरून गाडीने वर नेणार, आम्ही दोघींनी चढून यायचं, आणि वर सगळे भेटणार. तीन दिवस चाललीस, खूप झालं, असं ते तिला समजावत होते. आवाजात राग नव्हता, अजिजी होती. ती खाली बसून बुटाची नाडी बांधत होती. मग ते माझ्याकडे वळले.

"ताई, तुमी तरी सांगा तिला."

बस गो गाडीत, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिने वर पाहिलं. आजारपणात भेटायला गेले की ती डोळे मिटून पडलेली असायची. अशी नजर मी वर्षभर पाहिली नव्हती.

"भावजी, तुमी व्हा पुढं," मी म्हटलं. जीप धुरळा उडवत गेली.

अर्ध्या चढावर ती एका दगडावर बसली. चेहरा पांढरा पडलेला. पाणी प्यायली, तरी उठेना. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होते. आता गाडी बोलवायची म्हटली तरी इथे कशी येणार? एवढ्यात वरून एक म्हातारी उतरत आली, डोक्यावर बटाट्याची पिशवी. लेकीकडून परतत होती. आम्हाला बघून थांबली.

"माळशेजची गाडी चुकली काय गो तुमची? माजी पन चुकली."

आमच्या बोलकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण ही आधी बोलली.

"नाय आजी. आमी सोडली."

म्हातारी हसली, मग हीसुद्धा हसली, आणि हसता हसता उठून उभी राहिली. पुढचा चढ तिने थांबत थांबत, पण आमच्या पुढे राहून काढला.

वरच्या दगडी पायऱ्यांवर भावजी उतरून आले होते. त्यांनी हात पुढे केला. हात नको, ही पिशवी घ्या, म्हणत तिने पाठीवरचं ओझं त्यांच्या हातात दिलं आणि उरलेल्या पायऱ्या चढली. वर वारा होता आणि खाली सगळा मुरबाड पसरलेला. मी रडले, आणि लपवलं नाही.

बराच वेळ ती कड्यापाशी उभी राहिली. मग जीपकडे गेली, स्वतःच दार उघडून मागच्या सीटवर बसली आणि पाय वर घेतले.

"आले मी," ती नवऱ्याला म्हणाली. "आता न्या."