नलूआत्याचे तीन पावटे

नलूआत्याला "जमणार नाही" म्हटलं की ती आधी पदर खोचायची, आणि मग समोरच्याची खैर नसायची. माझी ही सख्खी आत्या वेल्ह्याकडे नर्स होती. निवृत्त होऊन भाटघर धरणाच्या मागं आमच्या गावी परतली आणि अडलेल्या बायांना आपल्या जुन्या मोटारीतून भोरच्या दवाखान्यात पोचवू लागली. अँब्युलन्स येईपर्यंत बाळ थांबत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

ती मोटार चढाला धापा टाकू लागली, तेव्हा मी पुण्याहून अक्कल पाजळायला गेलो.

"आत्या, वय झालं. आता स्टेअरिंग सोड."

"का रं? तू येनार हैस का बाया न्यायला?"

मग मी म्हणालो, घ्यायचीच तर नुसत्या बॅटरीची छोटी गाडी घे. तिच्या डोक्यात मात्र प्लगवाली हायब्रिड होती. घरी चार्ज करायची, चार्जिंग संपलं की पेट्रोलवर पळणारी.

शोरूममधला पोरगा तिच्या प्रश्नांची उत्तरं मला देत होता. "एका चार्जिंगमध्ये पन्नास किलोमीटर, सर."

आत्या कडाडली, "गाडी म्या चालवनार हाय, हिकडं बघून बोल! आन् ह्ये पन्नास कुठल्या रस्त्यावर मोजलं? आमच्या चढाला मोज, मग सांग."

पोरगा बिचारा दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गावात हजर! भोरला जाऊन-येऊन चार्जिंग थोडंसंच उरलं. गोठ्यातल्या प्लगला वायर लावली, तर प्लगच तापला. आत्यानं वायरमनकडून नवी लाइन ओढून घेतली, पण गाडीला हो म्हणाली नाही.

"रोज प्लग लावायचा आळस केला, तर उगा जड बॅटरी वाहत बसायचं. आदी म्या किती आन् कुठं फिरती, त्ये बघू."

नर्स असताना घरोघर फिरताना ती प्रत्येक घरामागं एक पावटा पिशवीत टाकायची. तेच केलं. भोरपर्यंतची खेप झाली की पावटा एका डब्यात, त्यापुढची झाली की दुसऱ्यात. महिन्यानं पहिल्यात मूठभर पावटे आणि दुसऱ्यात तीन. मला चेव चढला. "तीन पावट्यांसाठी इंजिन बाळगायचं?"

"व्हय! भोरच्या डाक्टरांनी हात टेकलं, म्हनून पुन्याला पळवलेल्या बाया हैत त्या. लाईट नसंल त्या दिशी काय सांगू त्यास्नी, कळा थांबवा?"

गाडी आली.

आषाढात गावची लाईट दोन दिवस गेली. पहिल्याच दिवशी आत्याची भोरची एक खेप झाली, चार्जिंग थोडंसंच उरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या सारिकाला कळा सुरू झाल्या. भोरला पोचेपर्यंत चार्जिंग संपलं, आणि डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या. सुट्टीला गावी आलेला मी आत्याशेजारी जीव मुठीत धरून बसलो. गाडी पेट्रोलवर निघाली. पुण्याच्या वाटेवरचं शिवरे गाव मागं पडलं तरी आत्या रस्त्यावरची नजर न काढता सारिकाशी बोलतच होती, "श्वास घे, पोरी. म्या हाय."

पुण्यात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. दोघी सुखरूप.

"आत्या, चुकलं माझं," मी म्हणालो. ती दवाखान्यातल्या बाकावर बसली होती. तिनं चावी माझ्या हातात दिली.

"परतीला तू चालव. हात बघ कसं लटलटा कापत्यात. पर गावात बोललास तर याद राख!"

त्यानंतरही ती गाडी चालवतच राहिली. यंदा ती देवाघरी गेली. आज पहिल्यांदाच सांगतोय, आत्या. आता काय करायचं ते कर.