तारीखवाले सर

आमचे सर कुणालाही "तेव्हा काय घडलं?" असं कधी विचारत नसत. समोरचं माणूस कितीही म्हातारं असो, कितीही बिचकलेलं असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "त्या दिवशी चुलीवर काय होतं?" माणूस जरा गोंधळायचं, मग सांगायचं, अंबाडीची भाजी होती, भाकरी तव्यावरच राहिली. तिथून पुढचं आपोआप यायचं. कोण ओरडत आलं, कुणी दाराला कडी घातली, कोण परत आलंच नाही.

सर मूळचे उमरीचे, नांदेडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत. निजामाच्या राजवटीच्या अखेरीस रझाकारांनी गावोगाव काय केलं आणि पोलिस ॲक्शननंतर त्याच गावांत मुसलमानांच्या घरांवर काय गुदरलं, हे दोन्ही ते जित्या माणसांच्या तोंडून गोळा करत होते. मी त्यांची विद्यार्थिनी, चाकूरची. "बायका माझ्यापुढं नुसत्या रडत्यात, बोलत न्हाईत. तू चल संगं," असं म्हणून ते मला नेऊ लागले. उर्दूत इतिहासाला तारीख म्हणतात. खेड्यांतल्या जुन्या मुसलमान मंडळींनी त्यांना 'तारीखवाले सर' म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांच्याच तोंडी ते नाव बसलं.

पुस्तक एका सरकारी मंडळाने छापायला घेतलं. छपाई झाली, बांधणी झाली, आणि कुणीतरी वर तक्रार केली. पुस्तक विकायचं नाही, वाटायचं नाही, असा हुकूम निघाला आणि सगळ्या प्रती गाडीत घालून नेल्या. पुढे एक साहेब सरांना भेटायला आले. मी तिथेच होते. साहेब फार अदबीने बोलत होते. "पोलिस ॲक्शननंतरचा दुसरा भाग तेवढा गाळा सर. पहिल्याचं प्रकाशन थाटात करू." सरांनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. म्हणाले, "साहेब, अर्धी तारीख म्हंजे अफवा. ती उठवायला मी कशाला पायजे तुमाला?"

त्यानंतर लोक टाळू लागले. सोबत शिकवणारेही. रस्त्यात समोरून ओळखीचं कुणी येताना दिसलं की सरच वळून एखाद्या दुकानाकडे तोंड करून उभे राहत, तो माणूस पुढे जाईपर्यंत. एकदा भांड्यांच्या दुकानापुढे असे उभे असताना मी गाठलं. "तोंड चुकवायची तसदी त्यांला कशाला?" एवढंच म्हणाले.

ज्यांनी ज्यांनी आपली हकीकत सांगितली होती, त्यांना पुस्तक बंद झाल्याचं तोंडी सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. आम्ही एसटीने पुन्हा त्याच गावांना गेलो. एका घरी म्हाताऱ्याने आम्हाला उंबऱ्यावरूनच परत लावलं. त्याच्या भावाला रझाकारांनी मारलं होतं. "माझ्या भावाच्या शेजारी त्यांचं रडगाणं कशापायी लिवलं?" असं म्हणून त्याने दार लावून घेतलं. उदगीरकडच्या एका गावात हाजराबी होत्या. नवरा आणि दीर एकाच दुपारी गमावलेल्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "न्हाई का छापंनात, बाबा. इतक्या सालांत मला कुनी इचारलंच नव्हतं. तू इचारलंस." परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. तसंच बाहेर बघत म्हणाले, "हाजराबींनी सोडलं मला. म्हनून मी सुटलो असं न्हाई."

त्यांनी कोर्टात दाद मागितली. सुनावण्या लांबत गेल्या. "आता खरा तारीखवाला झालो," म्हणून एकटेच हसायचे. मधल्या काळात त्यांच्या पत्नी गेल्या. मुलगा पुण्याला. तो फोनवर म्हणायचा, "बाबा, काढून टाका ना तेवढा भाग." सर त्याला पावसापाण्याचं विचारत. मी लातूरच्या शाळेत नोकरीला लागले, जाणं-येणं कमी झालं. त्यांनी ज्यांचं ऐकून घेतलं होतं, त्यांतलं एकेक माणूस जात राहिलं. पुस्तक बंदच राहिलं.

गेल्या वर्षी सर गेले. त्याआधी थोडेच दिवस मी नांदेडला त्यांच्याकडे गेले होते. स्मरण पार विस्कटलं होतं. मला मात्र ओळखलं. बंदी, कोर्ट, यांतलं काही त्यांच्या ध्यानात नव्हतं. पुस्तक बाजारात आलंय, असंच ते धरून चालले होते.

"लोक वाचत्यात का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो सर."

"दोन्हीकडचे?"

"दोन्हीकडचे."

चेहरा उजळला. मग दाराकडे बघत राहिले. "मग घरी कुनी येत कसं न्हाई?"

मी म्हटलं, "मी आले ना, सर."

"हाव," ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तू आलीस. पन तुला तर सगळं आधीच ठाव हाय."